जुनी फ्रेम: जीव ओतावा की सोडून द्यावी?

माळ्यावरून वडिलांची गिअरची सायकल खाली काढली. चाकं, चेन, ब्रेक कामातून गेलेत. उरलीय फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा. चुंबक चिकटतो, म्हणजे स्टीलची आहे. रंगाचे पोपडे निघतायत, बीबीपाशी (पेडलचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो तिथे) गंज आहे आणि सीटचा पाइप फ्रेमच्या नळीत जाम झालाय. मला ती भिंतीला टांगायची नाही, रोज चालवायची आहे. खर्चात पडण्याआधी काय काय तपासू?

प्रतिसाद १

रंगाचा विचार सर्वांत शेवटी. सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी बीबीच्या बुडाशी साचतं, म्हणून सुरुवात तिथून करा. बोथट स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघा. कडक लागलं आणि पॉलिश पेपरखाली चकचकीत धातू आला, तर गंज वरवरचा आहे. पापुद्रे सुटून टोक आत गेलं, तर नळी आतून खाल्ली गेलीय.

मग खालच्या नळीच्या पोटावरून, हँडलच्या नळीच्या अगदी मागे, डोळे मिटून बोट फिरवा. समोरून धडक बसलेल्या फ्रेमला तिथे बारीक सुरकुती पडते. रंगाखाली ती नजरेला चुकते, बोटाला चुकत नाही. सुरकुती लागली तर मी त्या फ्रेमवर पुढे काही करणार नाही, कितीही जीव अडकलेला असो. नुसता चिमटा वाकला असेल तर तो बदलता येतो.

शेवटी दोरा. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) बांधून हँडलच्या नळीला वळसा द्या आणि दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर जवळजवळ सारखं यायला हवं.

प्रतिसाद २

सीटचा पाइप ॲल्युमिनियमचा असेल तर तो स्टीलच्या नळीत गच्च धरतो. घण मारू नका. वरून पेनिट्रेटिंग तेल (फटीत झिरपणारं) सोडा, फ्रेम उलटी करून बीबीकडूनही सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग पाइपचं डोकं व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) पकडून फ्रेमच हळूहळू फिरवा. फ्रेमची नळी मात्र कधीच व्हाइसमध्ये धरू नका, चेपते.

आणि बीबीचे कप (दोन्ही टोकांना आट्यांनी बसवलेल्या वाट्या) काढताना जपून! इंग्लिश मापाच्या आट्यांत उजवा कप उलट्या आट्याचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. इटालियन आटे दोन्हीकडे सरळच असतात. आधी शेलची, म्हणजे बीबीच्या नळीची, रुंदी मोजा: इंग्लिश ६८ मिमी, इटालियन ७० मिमी.

धागाकर्ता

सुरकुती नाही. दोऱ्याचं माप एकीकडे २९, दुसरीकडे ३० मिमी. बीबीचं बूड कडक आहे. पाइप तिसऱ्या दिवशी एकदम कर्र करून फिरला, आतून पांढरट भुगा पडला. ड्रॉपआउटमधलं अंतर १२६ मिमी भरलं, माझ्याकडचा हब (चाकाचा मधला भाग) १३० चा आहे.

प्रतिसाद १

मग बिनधास्त करा. स्टीलला चार मिमी सहज जमतं, दोन्ही बाजू हाताने किंचित ताणल्या की चाक बसतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हे चालत नाही. रंग वाळल्यावर नळ्यांत गंजरोधक तेल फिरवा आणि बीबीच्या बुडाला पाणी निघायचं भोक आहे का तेही बघा.