काकांचं ऑपरेशन लांबवू नका

वर तुम्ही विचारलंय की करवीरच्या काकांना उसात काम करताना पायात पाचट घुसलं, त्यात शुगर, आता पोटरी सुजलीय आणि डॉक्टर आजच ऑपरेशन म्हणतायत, तर आधी चार दिवस सलाईनमधनं अँटिबायोटिक देऊन बघावं का. सर्जिकल वॉर्डात नोकरी करते म्हणून कळकळीनं सांगते, नका थांबू ओ.

अशा मांस सडवणाऱ्या इन्फेक्शनमध्ये (नेक्रोटायझिंग फॅसायटिस) वरनं कातडी नुसती लाल दिसते पण आत फॅशियाच्या, म्हणजे स्नायूंवरच्या पातळ पडद्याच्या थरातनं ते पळत असतं, तिथल्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद पडतात, मग जिथं रक्तच जात नाही तिथं औषध कसं जाणार? अँटिबायोटिक लागतंच, पण मेलेलं मांस काढल्याशिवाय ते एकटं पुरं पडत नाही. दिसतंय त्यापेक्षा ठणका कितीतरी जास्त, काळे-जांभळे फोड, दाबल्यावर कातडीखाली करकर, यातलं काही असेल तर दिवस नाही, तास मोजायचे. लालीच्या कडेला पेननं रेघ मारा, ती ओलांडून लाली वर सरकतीय का बघत रहा.

चिरल्यावर बऱ्याचदा घट्ट पू नसतोच, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं गढूळ पाणी येतं आणि थर नुसत्या बोटानं सुटत जातात. ताजं रक्त दिसेपर्यंत कापावं लागतं, जखम उघडी ठेवतात आणि साधारण २४ तासांत परत थिएटरात नेऊन बघतात, तेव्हा पहिलं ऑपरेशन फसलं म्हणून भांडत बसू नका. जखम लाल भरून आली की मांडीची कातडी लावतात, ते नंतरचं. पैशामुळं अडत असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात हलवा, पण आत्ताच, आणि शुगरच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या.