विंडोज १० वरच राहू, ११ टाकू की लिनक्सवर जाऊ? (नागपूर, डीटीपीचं दुकान) सोमवारच्या आत मदत हवी आहे

महाल_डीटीपी
नमस्कार मंडळी. घाईत लिहून राहिलो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर सारखी सूचना येते की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. बर्डीवरचा एक दुकानदार म्हणतो, हा डबा आता निकामी, नवीन घ्या, ३८ हजार. पुतण्या म्हणतो विंडोज काढून लिनक्स टाका, तीही कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिमच, फुकट आहे. बाबा म्हणतात, चालून राहिलं आहे तर हात लावू नका. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची कामं सुरू झाली. डिसेंबरात अधिवेशन लागलं की निवेदनं टाइप करून घ्यायला लोक दारात उभे असतात. दोन दिवससुद्धा दुकान बंद ठेवता येत नाही. सोमवारी दुकानदाराचा माणूस ॲडव्हान्स घ्यायला येणार आहे. काय करू ते एका शब्दात सांगा.

धंतोली_सर्व्हिस
एका शब्दात कसं सांगू भाऊ? प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्डडिस्क की एसएसडी? आणि मुख्य म्हणजे त्यावर कोणती सॉफ्टवेअरं चालवता?

मिंटवाला_अमरावती
लिनक्स मिंट २२ टाका. उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, ४ जीबी रॅममध्येही चालतं. माझ्या घरी तीन मशिन आहेत, तिन्हींवर मिंट. विंडोजकडे वळूनही पाहत नाही.

कोथरूडकर
नवीन कशाला घेता? रुफस नावाच्या प्रोग्रॅमने विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवा, त्यात टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) आणि प्रोसेसरची अट काढून टाकायची सोय आहे. माझ्या सहाव्या पिढीच्या लॅपटॉपवर वर्षभर विंडोज ११ सुरळीत चालू आहे.

महाल_डीटीपी
प्रोसेसर आय३ आहे. सात-आठ वर्षांपूर्वी जोडून घेतला होता. बाकी नेहमीचं डीटीपीचं काम. पत्रिकांच्या डिझाइनला कोरल, मराठी टायपिंग, झेरॉक्स, व्हॉट्सॲपवरून प्रिंट.

धंतोली_सर्व्हिस
आय३ हे नाव २०१० पासून आहे. पुढचा आकडा हवा. धिस पीसीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे जे दिसतं ते सगळं जसंच्या तसं इथे लिहा. "मराठी टायपिंग" म्हणजे युनिकोड (कुठेही वाचता येणारं) की जुने फॉन्ट (तोच फॉन्ट असेल तरच वाचता येणारे)? कोरल कोणतं?

जीएसटी_ताई
टॅली असेल तर लिनक्सचा विचार सोडा. ते थेट चालत नाही, आणि डिजिटल सहीच्या टोकनचाही त्रास होतो. मी स्वतः हे सगळं करून पाहिलं आहे.

महाल_डीटीपी
ताई, टॅली नाही माझ्याकडे. वहीवर हिशोब आहे.

अभ्यासू_वर्धा
याच धाग्यात विचारतो. माझ्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आहे, विंडोज ११ आहे, तरी व्हिडिओ एडिटिंगला अडकतो. काय करावं?

मिंटवाला_अमरावती
@अभ्यासू, मिंट टाका.

धंतोली_सर्व्हिस
@अभ्यासू, वेगळा धागा काढा, तिथे बघू. इथे माणसाची सोमवारची मुदत आहे.

महाल_डीटीपी
आत्ता दुकानात जाऊन पाहिलं. जे दिसलं ते लिहितो:
इंटेल कोअर आय३-७१००, ३.९० गिगाहर्ट्झ.
इन्स्टॉल्ड रॅम ४.०० जीबी (३.४१ जीबी युजेबल).
३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर.
५०० जीबीची साधी हार्डडिस्क. कोरल १२. मराठीचं सॉफ्टवेअर डोंगलवालं आहे, म्हणजे किल्लीसारखा डोंगल मागे लावल्याशिवाय चालत नाही, जुने फॉन्ट. बाबा त्यावर टाइपरायटरच्या पद्धतीने डोळे मिटून टाइप करतात.

धंतोली_सर्व्हिस
हे पहिल्याच वेळी सांगायला पाहिजे होतं भाऊ. तुमचा प्रश्न १० की ११ हा नाहीच. तुम्ही ३२-बिट म्हणजे जुन्या प्रकारच्या विंडोजवर आहात, ६४-बिटवर नाही. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. म्हणजे "अपग्रेड" असं काही होणारच नाही, डिस्क पुसून नव्याने टाकावं लागेल. वर आय३-७१०० सातव्या पिढीचा. ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. टीपीएम बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमधून, चालू होईलही, पण प्रोसेसर यादीत नाही.
आता एक सांगा, ३२-बिट कोणी टाकलं आणि कशासाठी?

हिंगणा_जुगाड
आठव्या पिढीचा सेकंडहँड प्रोसेसर आणून बसवा ना. सॉकेट तोच आहे, ११५१. आणि ४ जीबी रॅम वाढवा, पळेल मस्त.

धंतोली_सर्व्हिस
दोन्ही चूक. खाच दिसायला सारखी आहे, पण सातव्या पिढीच्या वेळचे बोर्ड आठव्या पिढीचा प्रोसेसर घेत नाहीत, त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. माझ्याकडे असा प्रोसेसर घेऊन आलेलं गिऱ्हाईक परत गेलं आहे. आणि ३२-बिट विंडोजला ४ जीबीच्या वरची रॅम दिसतच नाही. त्यांच्याकडे तर ३.४१ च वापरात आहे. रॅम आत्ता महागही झाली आहे, भाऊचे पैसे वाया घालवू नका.

हिंगणा_जुगाड
सॉकेटचं माहीत नव्हतं, मान्य. रॅमचं मात्र ६४-बिट टाकलं तर माझं बरोबर आहे.

महाल_डीटीपी
३२-बिट आमच्या मेकॅनिकने मुद्दाम टाकलं. डोंगलचं ड्रायव्हर (विंडोजला तो ओळखायला लावणारा प्रोग्रॅम) ६४-बिटवर चालत नव्हतं. कंपनीला फोन केला होता. ते म्हणाले तुमची आवृत्ती फार जुनी, ६४-बिटचं ड्रायव्हर नाही, नवीन सॉफ्टवेअर घ्या. डोंगलचं वरचं कव्हर निघालं आहे, सेलोटेप गुंडाळून मागच्या पोर्टला लावला आहे. बाबा त्याला हात लावू देत नाहीत, झाडतानासुद्धा तिथे कपडा फिरवत नाहीत.

कोथरूडकर
मग ११ टाकल्यावर ड्रायव्हर सक्तीने बसवून पाहता येईल. ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी बंद करता येते.

धंतोली_सर्व्हिस
३२-बिटचं ड्रायव्हर ६४-बिट विंडोजमध्ये बसतच नाही, सही असो नसो. तुमच्या लॅपटॉपवर चालतंय हे खरं असेल. पण यादीबाहेरच्या मशिनला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ऐन लगीनसराईत दुकानाच्या मशिनवर हा प्रयोग मी सांगणार नाही.

कोथरूडकर
मी प्रयोग म्हणूनच सांगत होतो. दुकानाचं मशिन एकच आहे हे आधी लक्षात आलं नाही.

मिंटवाला_अमरावती
तरीही मिंट. लिनक्सवरच्या वाइन नावाच्या प्रोग्रॅममध्ये जुनी विंडोज सॉफ्टवेअरं चालतात.

धंतोली_सर्व्हिस
कोरल १२ कदाचित चालेल. डोंगलचं काय? वाइन प्रोग्रॅम चालवतं, हार्डवेअरचं ड्रायव्हर नाही. बाबांनी पत्रिका उघडली आणि "कुलूप सापडत नाही" असा संदेश आला, तर तुम्ही अमरावतीहून येणार आहात का?

मिंटवाला_अमरावती
रागावू नका सर. डोंगलचा मुद्दा मान्य. मशिन दुसरं असतं तर मिंटच, यावर मी ठाम आहे.

खिळे_जुळणी
मी इतवारीत ट्रेडल छपाईयंत्रावर बावीस वर्षं जुळारी होतो, खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवायचो. मालकाने ऑफसेट घेतलं तेव्हा खिळ्यांच्या केसेस किलोच्या भावात भंगारात गेल्या. त्यात जोडाक्षरांचे असे खिळे होते जे परत कुठे मिळाले नाहीत. म्हणून विचारतो बाळा, तुमच्याकडे जुन्या पत्रिकांच्या फायली किती आहेत? आणि त्या डोंगल गेल्यावर उघडतील का? सेलोटेप लावलेली वस्तू किती दिवस टिकेल?

महाल_डीटीपी
काका, फोल्डर मोजलं. १,९०० च्या वर फायली आहेत. २००६ पासूनच्या. एकाच घरच्या तीन लग्नांच्या पत्रिका आहेत, लोक येऊन म्हणतात मोठ्या मुलीच्या वेळची होती तशीच काढा. डोंगल गेला तर काय होईल याचा विचारच केला नव्हता. बॅकअप एका पेनड्राइव्हवर आहे, तोही मागच्या वर्षीचा.

जीएसटी_ताई
मी मघाशी उगाच टॅलीचं सांगितलं. पण एक विचारते. व्हॉट्सॲपवर लोक आधार, पॅन, सातबारा पाठवतात, तुम्ही प्रिंट काढता. त्या फायली नंतर काढून टाकता का? आमच्या इथल्या एका झेरॉक्सवाल्याच्या डाउनलोडमध्ये मी शेकडो लोकांची आधार कार्डं पाहिली आहेत, नावासकट. अपडेट बंद झालेल्या मशिनवर हे पडून असेल तर धोका तुम्हाला नाही, त्या लोकांना आहे. आणि दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात ते वेगळंच.

महाल_डीटीपी
ताई, खरं सांगतो, नाही काढत. आत्ता पाहिलं, डाउनलोडमध्ये ११ जीबी आहे. सगळे ओळखीचेच लोक आहेत. वाईट वाटलं. आज रात्री बसून साफ करतो.

कोथरूडकर
हा मुद्दा मोठा आहे. ताईंशी सहमत.

धंतोली_सर्व्हिस
आता माझं ऐका. मी हे काम चौदा वर्षं करतो आहे, तुमच्यासारखी तीन दुकानं सांभाळतो.
सोमवारच्या माणसाला ॲडव्हान्स देऊ नका. आज रात्री पहिलं काम म्हणजे सगळ्या फायली दोन ठिकाणी कॉपी करा, एक बाहेरची हार्डडिस्क आणि एक घरी.
मग विंडोज १० ला मुदतवाढ घ्या. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाचे जादा सुरक्षा अपडेट ठेवले आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट, तिथे "एनरोल" दिसेल. आवृत्ती २२एच२ पाहिजे. रनमध्ये विनव्हर टाइप करून पाहा, जुनी असेल तर आधी अपडेट करा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकट मिळते. नाहीतर रिवॉर्ड्सचे १,००० पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. नवीन सोयी काही मिळत नाहीत, फक्त सुरक्षा.
आणि इंटरनेट त्या मशिनवरून कमी करा. व्हॉट्सॲप, ईमेल, लोकांचे पेनड्राइव्ह यासाठी दुसरं मशिन ठेवा. जुनं पडलेलं काही आहे का घरात?

महाल_डीटीपी
पुतण्याचा कॉलेजचा लॅपटॉप आहे, दोन वर्षांपासून माळ्यावर. विंडोज ८ होतं त्यात, फार हळू म्हणून ठेवून दिला.

मिंटवाला_अमरावती
आता तरी मी सांगू का? त्यावर मिंट. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा, काही न पुसता. वायफाय, प्रिंटर, आवाज सगळं तपासा, मग टाका. व्हॉट्सॲप फायरफॉक्समध्ये चालेल. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी मिळेल, युनिकोड जोडाक्षरं लिब्रेऑफिसमध्ये आणि इंकस्केपमध्ये नीट येतात. प्रिंटरचं मॉडेल मात्र आधी सांगा, काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्समध्ये खटपट करावी लागते.

धंतोली_सर्व्हिस
या जागी मिंट चालेल. इथे माझा विरोध नाही.

खिळे_जुळणी
आणि फायलींचं? मूळ मुद्दा तोच आहे.

धंतोली_सर्व्हिस
काका, बरोबर. कोरलमध्ये फाइल उघडायची, सगळं सिलेक्ट, कंट्रोल क्यू, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात, मग फॉन्ट किंवा डोंगल लागत नाही. मजकूर पुढे बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवायची आणि आकृत्यांची प्रत दुसऱ्या नावाने. सोबत पीडीएफ. १,९०० एकदम नाही, जी घरं परत येतात ती आधी.

महाल_डीटीपी
मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत ना नेटवर? त्याने करू का सगळं?

खिळे_जुळणी
करा, पण प्रत्येक ओळ वाचून. माझ्या नातवाने करून दाखवलं. "वऱ्हाडी मंडळी"चं "वर्हाडी मंडळी" झालं, र ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला. पत्रिकेत वऱ्हाडपांडे नाव चुकलं तर ते लोक दुकानात पाय ठेवणार नाहीत. रफार, अर्धा र, श्र आणि ज्ञ, एवढे डोळ्यांनी तपासा.

हिंगणा_जुगाड
आणि उन्हाळ्यात मशिनची धूळ काढा. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशाला प्रोसेसर तापून मशिन बंद पडतं, लोक म्हणतात विंडोज खराब झालं.

अभ्यासू_वर्धा
माझा वेगळा धागा काढला आहे, कृपया तिथे या.

महाल_डीटीपी
पाच दिवसांनी लिहितो आहे. सोमवारच्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. विनव्हरमध्ये २१एच२ दिसलं, आधी २२एच२ आणलं, त्यातच अर्धी रात्र गेली. मग एनरोल झालं, फुकट. १३ ऑक्टोबर २०२६ अशी तारीख दिसते. डाउनलोड साफ केलं, आता रोज दुकान बंद करताना पुतण्या रिकामं करतो. लॅपटॉपवर मिंट चालू आहे, वायफाय लगेच आलं. प्रिंटरने त्रास दिला, मिंटवाल्या दादांनी फोनवर दीड तास बसून लावून दिला, त्यांचे मनापासून आभार.

बाबांना कंट्रोल क्यूचं दाखवलं. पहिली फाइल २००६ ची उघडली, आमच्याच आत्याच्या मुलीच्या लग्नाची. आकृत्या केल्या, डोंगल काढला, फाइल परत उघडली. गणपती, श्लोक, नावं, सगळं जागच्या जागी. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, दुसरी उघड. आतापर्यंत २१४ झाल्या. रोज रात्री आठ ते दहा बसतात. कन्व्हर्टरने एक निवेदन करून पाहिलं, त्यात रफाराच्या सहा चुका निघाल्या, काकांनी सांगितलेल्याच ठिकाणी.

एक राहिलं. बाबांचे हात टाइपरायटरवर बसलेले आहेत. ते इन्स्क्रिप्ट शिकणार नाहीत. युनिकोडमध्ये मराठी टाइपरायटरची पद्धत मिंटवर मिळते का? घाई नाही आता.

मिंटवाला_अमरावती
मिळायला हवी. आज रात्री माझ्या मशिनवर लावून बघतो आणि उद्या पायरीपायरीने लिहितो. बाबांच्या कीबोर्डवरच्या अक्षरांचा एक फोटो तेवढा टाका, कोणती मांडणी आहे ते कळलं पाहिजे.