चिंगी कुत्रीला जंगलात मोकळं सोडताना: घरच्या ग्रुपवरून

सई: आई-बाबा, उद्यापासून दुपारी चिंगीला तुम्ही नेणार, म्हणून सगळं इथेच लिहून ठेवते. वेस्टस्कोवेन हे डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या पश्चिमेचं, 1967 पासून शेतजमिनीवर लावत आणलेलं जंगल. त्यातला कुंपण घातलेला भाग कुत्र्यांना मोकळं सोडायला आहे. बाकीच्या जंगलात बारा महिने लीश (हातात धरायची दोरी) लागते, तसा कायदाच आहे इथे. म्हणजे गाडीपासून फाटकापर्यंत लीश, परततानाही लीश.

बाबा: एकदा आत गेलो की निश्चिंत ना?

मीनल वहिनी: नाही बाबा, कुंपणावर अजिबात विसंबू नका. चिंगी आपली गावठी, अंगाने हलकी. कमरेएवढी जाळी ती उभ्या जागेवरून ओलांडेल. जाळी जिथे जमिनीपासून वर उचललेली असते तिथून उकरून बाहेर निघेल. हरणाचा वास लागला तर दोन्ही जास्तच. सोडण्याआधी लीशवरच कुंपणाच्या कडेने एक फेरी मारा.

सई: आणि फाटक! बहुतेक भांडणं तिथेच होतात. नवं कुत्रं आलं की आतली सगळी धावत येतात, बाहेरचं लीशला बांधलेलं असतं, त्याला मागे सरकता येत नाही. मग ते दात दाखवतं. फाटकाशी घोळका दिसला तर पंधरा-वीस पावलं लांब थांबायचं, पांगू द्यायचं. आत शिरलात की फाटक ओढून कडी बसली का ते हाताने बघायचं. थोडं पुढे चालून मगच लीश काढायची. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) ही काढून ठेवा, खेळताना दुसऱ्याचा पंजा किंवा दात त्यात अडकतो. गळ्यातला साधा पट्टा मात्र हवाच, त्यावर नाव-पत्त्याची पाटी आहे.

आई: तिचा लाल बॉल आणि चिकनचे तुकडे घेऊन जाऊ ना?

मीनल वहिनी: बॉल नको आई, दहा कुत्र्यांत एक बॉल म्हणजे मारामारीला आमंत्रण. चिकन न्या, पण नखाएवढे तुकडे, बंद डबीत, आणि दुसरं कुत्रं जवळ नसतानाच द्या. हाक मारायची, आली की तुकडा द्यायचा, लगेच "जा" म्हणून परत सोडायचं. प्रत्येक फेरीत पाच-सहा वेळा असं करा. फक्त निघताना हाक मारलीत तर चार दिवसांत तिला कळेल की हाक म्हणजे खेळ संपला, मग ती येणारच नाही. आणि एका जागी गप्पा मारत उभे राहू नका. तुम्ही चालत राहिलात की तिचं लक्ष तुमच्यावर राहतं.

बाबा: खेळ कुठला आणि भांडण कुठलं, ओळखायचं कसं?

मीनल वहिनी: खेळात पाळी बदलते. कधी ही पळते, कधी ती. पुढचे पाय टेकवून मागचा भाग वर करतात, मध्येच थांबून अंग झटकतात. एकच कुत्रं सतत मागे लागलंय, अंग ताठ झालंय, शेपूट वर आणि न हलणारी, दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी टेकवलीय, तर बोलवा. शंका आली तर पाठलाग करणाऱ्याला त्याच्या मालकाला धरायला सांगा. सुटलेलं परत त्याच्याकडे आलं तर खेळच आहे. जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही, पट्टाही धरायचा नाही. पाणी मारा. तेवढ्याने नाही भागलं तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून मागे सरकायचं.

सई: चिंगीने कुणाचं नुकसान केलं तर इथे मालकाची चूक नसली तरी भरपाई द्यावी लागते, म्हणून विमा सक्तीचा आहे. कागद गाडीत ठेवलाय.

विनूकाका: डॉक्टरकीचं मी सांगतो. आपल्याकडची गोचीड घराच्या भिंतीत, फटीत राहते. तिथली गवताच्या टोकावर बसून वाट बघते, पाच-सात अंश तापमानालाही चालू असते. घरी आल्यावर कान, काख, जांघ, बोटांच्या बेचक्या चाचपायच्या. सापडली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. तेल, रॉकेल काही लावू नका, त्याने ती आतलं द्रव उलट शरीरात सोडते. गोचिडीतून होणाऱ्या लाइम रोगाचे जंतू शिरायला साधारण दिवसभर लागतो, म्हणून रोज बघायचं. तुम्ही दोघंही पँट मोज्यात खोचा.

दुसरं, गोगलगायी. त्यांतून एक कृमी जातो आणि फुप्फुसाच्या धमन्यांत राहतो. खोकला, लवकर दम लागणं, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. तिथे ठेवलेल्या सामाईक भांड्यातलं पाणी पाजू नका, रात्रभर बाहेर राहिलेल्या भांड्यावर गोगलगायी फिरतात. सई, नुसत्या गोचिडांच्या गोळीने हा कृमी थांबत नाही. त्याचं महिन्याचं औषध वेगळं चालू आहे ना?

सई: हो काका, दर एक तारखेला. काकांनी लिहिलंय तसं पाणी घरचंच न्यायचं, अर्धा लिटर आणि घडीची वाटी. शी उचलायच्या पिशव्या चार. जंगल असलं तरी उचलायचीच. चाळीस मिनिटं पुरेत, त्यानंतर कुत्री थकून चिडतात. गर्दी असेल तर आत न जाता बाहेरूनच लीशवर फिरवून आणा.

बाबा: पिशवी भरली. पट्ट्यावरची पाटी सैल होती, पक्कडीने कडी आवळली.