मदत हवी आहे: ऑफिस कल्याणीनगरला, गाडी नाही, मेट्रोच्या मार्गावर घर कुठे बघू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात सोलापूरहून पुण्याला येतेय. ऑफिस कल्याणीनगर मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. सोबत आई राहणार, त्यामुळे पीजी नको, वन बीएचके हवा. भाडं आणि मेंटेनन्स मिळून १८ हजार झेपतील. दुचाकी मला चालवता येत नाही, रोजची रिक्षा परवडणार नाही.

खरी अडचण शिफ्टची आहे. ती रात्री साडेनऊला सुटते. साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवलं तर घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची, असं महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. पण आमची शिफ्ट नेमकी त्याच वेळेला संपते, म्हणून कॅब नाही.

कल्याणीनगर-विमाननगरची भाडी ऐकून तिकडचा विचार सोडला. आता वनाज-रामवाडी मार्गावरच शोधतेय, म्हणजे मध्ये मेट्रो बदलायला नको. प्रवास थोडा लांबला तरी चालेल. धास्ती आहे ती स्टेशनवर उतरल्यावर घरापर्यंतच्या दहा मिनिटांची. आयडियल कॉलनीकडचा एक फ्लॅट दिवसा फार आवडला. मुद्दाम रात्री जाऊन पाहिलं, तर शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडलेली, गल्लीभर पत्रे ठोकलेले, खांबावरचा दिवा बंद आणि कोपऱ्यावरच्या वाण्याचं शटर खाली. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण रस्ता जागता हवा.

दुसरं म्हणजे "घरात पुरुष माणूस कोणी नाही का?" हा प्रश्न. आई आहे म्हटलं तरी एजंट पुढे बोलत नाहीत. एक मालक तयार झाले, तर म्हणतात, अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी पुरे, डिपॉझिट रोख द्या. घर हातचं न जाता त्यांना रजिस्टर करारासाठी कसं राजी करू? आणि रात्री दहानंतरही वर्दळ असलेल्या गल्ल्या कोणत्या स्टेशनजवळ आहेत? तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, नोटरीवर अजिबात तयार होऊ नका. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे शांतपणे त्यांच्या कानावर घाला, त्यात त्यांचंच नुकसान आहे. नोंदणी ऑनलाइन होते, माणूस घरी येऊन अंगठे घेऊन जातो. खर्च निम्मा-निम्मा करू म्हणा. डिपॉझिट बँकेतूनच द्या आणि तो आकडा करारात लिहून घ्या.

जागेचं म्हणाल तर नळ स्टॉप आणि गरवारे कॉलेज ही स्टेशनं आधी बघा. कर्वे रोडला रात्री दहाला चांगली वर्दळ असते. फक्त कर्वे रोडपासून दोन-तीन गल्ल्या आत जाऊ नका. तिकडच्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा लिफ्ट नसते. आईंना किती मजले चढवतात?