वॉटरफर्ड काम्हलाबा: वर्णभेदाला विरोध म्हणून शेजारच्या देशात काढलेली शाळा

प्रश्न (होटगी रोड, सोलापूर)

मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. नववीच्या वर्गासाठी दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदावर दोन तासिकांचे टिपण तयार करीत असताना स्वाझीलँडमधील, म्हणजे आजच्या इस्वातिनीतील, वॉटरफर्ड काम्हलाबा या शाळेचा उल्लेख वाचनात आला. वर्णभेदाला विरोध म्हणून सर्व वंशांच्या मुलांची एकत्र निवासी शाळा काढायची, हा विचार सहज पटतो. मात्र विरोध दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला असताना शाळा दुसऱ्या देशात का काढली, तेथे नेमकी कोणाची मुले शिकत होती आणि मूठभर मुलांना एका टेकडीवर एकत्र ठेवण्याला खरोखर विरोध म्हणता येईल का, या तीन गोष्टींचा मला उलगडा होत नाही. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमांच्या शाळा हाकेच्या अंतरावर आहेत, तरी एका शाळेतील मुलांना दुसरीतील मुलांची नावेही ठाऊक नसतात. त्यामुळे तिसरा प्रश्न माझे विद्यार्थी विचारणार, याची मला खात्री आहे.

उत्तर १ (सात रस्ता)

नमस्कार सर. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या 1953 च्या बांटू शिक्षण कायद्यात आहे (‘बांटू’ म्हणजे तेथील काळे लोक). 1948 मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आल्यानंतर वंशानुसार विभागणीचे कायदे एकामागून एक झाले. बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांचे शिक्षण सरकारच्या ताब्यात घेतले आणि त्यांना गोऱ्यांच्या हाताखालच्या श्रमापलीकडे काही शिकवण्याची गरज नाही, हे धोरणच ठरवून टाकले. मिशनऱ्यांच्या शाळांपुढे दोनच मार्ग उरले: शाळा सरकारच्या हवाली करणे किंवा अनुदानावर पाणी सोडणे. जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागातील सेंट पीटर्स ही काळ्या मुलांची नावाजलेली शाळा, जिथे वर्णभेदविरोधी नेते ऑलिव्हर टँबो आधी विद्यार्थी आणि पुढे शिक्षक होते, ती शरण जाण्याऐवजी 1956 मध्ये बंद करण्यात आली. त्याच ठिकाणी नंतर गोऱ्या मुलांची शाळा भरू लागली आणि तिचे मुख्याध्यापक होते मायकेल स्टर्न. केवळ गोऱ्यांना शिकवत राहणे त्यांच्या मनाला पटेना, आणि मिश्र शाळा काढायला तर त्या देशात वावच नव्हता.

स्वाझीलँड तेव्हा ब्रिटिश संरक्षणाखाली होता (स्वातंत्र्य 6 सप्टेंबर 1968 रोजी मिळाले) आणि तेथे दक्षिण आफ्रिकेचे कायदे चालत नव्हते. स्टर्न यांनी 1963 मध्ये एम्बाबाने या राजधानीजवळच्या टेकडीवर अवघ्या 16 मुलग्यांना घेऊन शाळा सुरू केली. इमारतींचे आराखडे मोझांबिकमध्ये काम करणारे पोर्तुगीज वास्तुविशारद पांचो गेडेस यांनी केले. ‘काम्हलाबा’ हे नाव स्वाझीलँडचे राजे सोभुझा दुसरे यांनी दिले.

विद्यार्थ्यांची नावे ऐकून आपला वर्ग नक्की कान टवकारेल. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना त्यांच्या झेनानी आणि झिंझी या मुली तेथे शिकल्या. मंडेलांचे सहकारी वॉल्टर सिसुलूंची कन्या लिंडिवे तेथेच शिकली. पुढे आर्चबिशप झालेले डेझमंड टुटू यांनी तर बांटू शिक्षणाच्या निषेधार्थ शिक्षकाची नोकरी सोडली होती, आणि त्यांनीही आपली मुले शिकायला स्वाझीलँडला पाठवली. बोट्स्वानाचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले सेरेत्से खामा यांनी रूथ विल्यम्स या गोऱ्या ब्रिटिश स्त्रीशी विवाह केल्यामुळे मोठे वादळ उठले होते. त्यांचे पुत्र इयन हेही वॉटरफर्डचेच विद्यार्थी, आणि पुढे तेही राष्ट्राध्यक्ष झाले.

उत्तर २ (विजापूर वेस)

वरील माहिती बरोबर आहे, परंतु ही नावांची यादीच मला खटकते. यांतील बहुतेक मुले पुढाऱ्यांची होती. शाळा देणग्यांवर आणि शिष्यवृत्त्यांवर उभी होती हे मान्य, पण जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतील सामान्य कामगाराच्या मुलासाठी ती टेकडी चंद्राइतकीच दूर होती. 16 जून 1976 रोजी त्याच सोवेटोत शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. व्यवस्था हादरली ती त्यामुळे. वॉटरफर्डला मी विरोधाचे ठिकाण म्हणण्यापेक्षा आसऱ्याचे ठिकाण म्हणेन. 1981 मध्ये ही शाळा युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस या आंतरराष्ट्रीय शाळांच्या परिवारात सामील झाली. त्याच परिवारातील महाविद्यालय 1997 पासून पुण्याजवळ मुळशी तालुक्यातही आहे, आणि आपल्यापैकी कितीजण तिथे मुलाला पाठवू शकतो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

उत्तर ३ (जुळे सोलापूर)

विजापूर वेसकरांचा आक्षेप रास्त आहे, पण मला तो अर्धाच वाटतो. वेगळे ठेवण्याच्या व्यवस्थेचा सारा डोलारा ‘ही माणसे एकत्र राहूच शकत नाहीत’ या गृहीतकावर उभा असतो. सोळा मुले एका छपराखाली झोपली, एका पंक्तीला जेवली, तरी ते गृहीतक खोटे ठरते. त्यासाठी सोळा लाखांची गरज पडत नाही.

याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहांना आधार दिला, कारण त्या काळी मुले शिकायला येणे हेच आधी साधायचे होते. तेथील जैन वसतिगृहात राहणारे भाऊराव पाटील अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आले. परतल्यावर त्यांना आंघोळ करून मगच आत येण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले, जिथे मुलेच आळीपाळीने स्वयंपाक करीत. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. महात्मा गांधी 1927 मध्ये तेथे येऊन गेले. अभ्यासक्रमात समतेचा धडा घालणे सोपे असते. कोणाच्या हातची भाकरी कोणी खायची, हे स्वयंपाकघरात ठरते. माझ्या मते वॉटरफर्डचे महत्त्वही ती निवासी होती यातच आहे.

प्रश्नकर्ता (होटगी रोड)

तिन्ही उत्तरांबद्दल आभार. आसरा की विरोध, हा वाद मी वर्गापुढे तसाच ठेवीन. साताऱ्याचे उदाहरण जोडले तर दोन तासिका अपुऱ्या पडतील, पण ते गाळणे मला जमणार नाही.

उत्तर ४ (सात रस्ता)

सर, एक सूचना. तासिका वाढणारच असेल तर आपल्या शहरातील सेटलमेंटचाही उल्लेख करावा. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदवलेल्या कुटुंबांना तेथे तारेच्या कुंपणाआड ठेवले जाई, हजेरी घेतली जाई आणि गिरण्यांत कामाला पाठवले जाई. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि बांटू शिक्षण कायदा त्याच्या पुढच्याच वर्षी आला. आपल्या वर्गातील काही मुलांच्या आजी-आजोबांनी ते कुंपण पाहिलेले असण्याची शक्यता आहे, म्हणून हा भाग शिकवण्यापूर्वी त्या घरांशी बोलून घेतलेले बरे.