सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) नाही, तर फक्त आपल्या खात्यात पायथनची पॅकेजेस कशी टाकायची?

खाडीकाठ:
रत्नागिरीत कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू 24.04 आहे. खातं साधं, सुडो नाही. उधाण आणि भांगाच्या भरतीचे आलेख काढायचेत, म्हणून पांडाज (आकड्यांच्या तक्त्यांसाठी) आणि मॅटप्लॉटलिब (आलेखांसाठी) हवंय. पिप (पॅकेजेस टाकणारा प्रोग्राम) वापरून पिप इन्स्टॉल दिलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडवतं. --यूजर लावूनही तेच. बाकीच्यांच्या खात्यांना धक्का न लावता कसं करायचं?

माडबन:
अडवतं ते बरोबरच आहे. उबुंटूची स्वतःची बरीच कामं त्याच पायथनवर चालतात. --यूजरने टाकलेलं पॅकेज होममधल्या .लोकल फोल्डरात जातं खरं, पण तुमच्या खात्यातून चालणारे सिस्टिमचे प्रोग्रामही आधी तेच उचलतात. ही अडवणूक बाजूला सारणारं --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस सुचवणारे भेटतील, नावातच काय ते आलं.

व्हेनव्ह, म्हणजे पॅकेजेससाठी पायथनचं वेगळं घर, बांधा (कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीतच करा):

पायथन3 -एम व्हेनव्ह ~/भरती
~/भरती/बिन/पिप इन्स्टॉल पांडाज मॅटप्लॉटलिब

स्क्रिप्टही ~/भरती/बिन/पायथनने चालवा, मग अ‍ॅक्टिव्हेट करायचीसुद्धा गरज नाही. नको झालं की फोल्डर डिलीट, विषय संपला.

खाडीकाठ:
पहिल्याच ओळीला ‘एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल’.

माडबन:
म्हणजे पायथन3-व्हेनव्ह हे पॅकेज मशीनवर नाही, आणि ते टाकायला सुडो लागतं. अर्धवट झालेलं फोल्डर आधी उडवा, मग त्याच कमांडला --विदाउट-पिप जोडा. पिपच्या अधिकृत साइटवरून गेट-पिप.पीवाय उतरवा आणि ती ~/भरती/बिन/पायथनने चालवा. पिप त्या फोल्डरातच बसेल.

सडा_कातळ:
लॅबचं नेट रडत असेल तर घरून पॅकेजेस आणा: पिप डाउनलोड -डी पेटी पांडाज मॅटप्लॉटलिब (पेटी हे फोल्डरचं नाव). घरी विंडोज असेल तर इथेच फसगत होते, कारण पिप विंडोजच्या फायली उतरवतं आणि लॅबमध्ये त्या चालत नाहीत. म्हणून सोबत --प्लॅटफॉर्म मेनीलिनक्स2014_एक्स86_64, --पायथन-व्हर्जन 3.12 आणि --ओन्ली-बायनरी=:ऑल: द्या. 24.04 मध्ये पायथन 3.12 आहे, आकडा चुकला तर फायली नाकारल्या जातात. लॅबमध्ये इन्स्टॉल करताना --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पेटी.

पेनड्राइव्हवरून फक्त ही पेटी न्या, व्हेनव्ह नको. त्याच्या स्क्रिप्टांत पूर्ण पाथ कोरलेला असतो, जागा बदलली की मोडतात. शिवाय पेनड्राइव्ह फॅट32 फॉरमॅटचा असेल तर त्यावर व्हेनव्हला लागणाऱ्या सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फायली) होतच नाहीत.

माडबन:
आणि आलेखाची खिडकी उघडली नाही तर घाबरू नका. पायथन3-टीके हेही सिस्टिमचंच पॅकेज, नसेल तर मॅटप्लॉटलिबचं शो() नुसती वॉर्निंग देऊन गप्प बसतं. सेव्हफिग() ने पीएनजी काढा. खिडकीच हवी असेल तर त्याच व्हेनव्हमध्ये पायक्यूटी6 (खिडक्या दाखवणारं पॅकेज) टाकून बघा.

खाडीकाठ:
विदाउट-पिपने जमलं. पीएनजी निघाली.