आईला उठताना हात द्यावा लागतो, व्यायाम झेपेल?

प्रश्न (फोंडा): आई ७८ वर्षांची, १९ वर्षं मधुमेह. सोप्यावरून उठताना माझा दंड घट्ट धरते. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, पेजेशिवाय काही नको म्हणते.

उत्तर (डिचोली, फिजिओथेरपिस्ट): झेपेल, पण वजन का उतरतंय ते आधी डॉक्टरांना दाखवा. युरोपातल्या मिड-फ्रेल अभ्यासात सत्तरीपुढचे असेच ९६४ जण होते. ज्यांना १६ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम आणि आहाराचं शिक्षण मिळालं, त्यांची चाल-उठबस वर्षानंतरही सुधारलेली दिसली. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, तुम्ही शेजारी उभं राहून, सुरुवात करा.

उत्तर (पेडणे): आधी साखर तपासा. बाबा गोळी घेऊन उपाशीपोटी चालले आणि तुळशीपाशी घामाघूम होऊन बसले. पेजेसोबत मासळी द्याच.

प्रश्नकर्ती: डॉक्टरांनी हो म्हटलं. आज चारदा उठली. पाचव्यांदा म्हणाली, ‘फाल्यां’ (उद्या).